गिअरबॉक्सच्या काळजीपोटी

समुद्रापारच्या एका बेटावर, कोआमो गावात, एलिओदोरो मातेओच्या उजव्या पायाला जो मान होता, तो खुद्द एलिओदोरोला कधीच मिळाला नाही. माणूस म्हणून त्याला सगळे योयो म्हणत, भर रस्त्यात थांबवून त्याच्याकडून पान्हे नेत आणि पुढल्या खेपेला जुने परत न करता नवे मागत. पण पायाचा विषय निघाला की लोकांचे आवाज खाली यायचे. सोन्याचा पाय म्हणायचे त्याला. सलिनासच्या शर्यतीच्या पट्टीवर, त्या सरळसोट पाव मैलात, या पायानं भल्याभल्यांना धूळ चारली होती.

त्याची गाडी म्हणजे एक जुनं जपानी डबडं. चार धडधाकट माणसांनी मनात आणलं तर उचलून बाजूला ठेवतील इतकं हलकं. त्याच्या पोटात मात्र हजार घोड्यांचं इंजिन, दट्ट्यांऐवजी गोल फिरणाऱ्या तिकोनी चकतीचं, या बेटावरच्या लोकांनी बायकोपेक्षा जास्त लाडावून ठेवलेलं. अशा गाडीत बसून पाय नुसता दाबून चालत नाही. जरा जास्त दाबला की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, गाडी शेपूट हलवते आणि भिंतीला भेटायला जाते. किती दाबायचं हे डोक्याला कळत नसतं, तळव्याला कळतं. योयोच्या तळव्याला ते तीस वर्षं कळत आलं होतं.

अडचण इतकीच होती की गेल्या वर्षभरापासून त्या तळव्याला काहीच कळत नव्हतं.

कारण होतं साखर. डॉक्टरीणबाईंनी पायाला सुई टोचून विचारलं, "लागतंय?" योयो म्हणाला, "टोचलीत की सांगा." सुई तोवर टोचून परत ट्रेमध्ये गेली होती. बाई बरंच काही बोलल्या, नसांबद्दल, काळजीबद्दल. घरी येऊन त्यानं बायकोला, मिग्दालियाला सांगितलं की डॉक्टर म्हणाली, दगडासारखा आहेस. पायाबद्दल बाईंनी खरोखर दगड हाच शब्द वापरला होता, त्यामुळे योयोच्या मते हे काही खोटं बोलणं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यानं ती झाकून ठेवली. साधी पिकअप चालवतानाही तो आता मध्येच खाली बघायचा, पाय ब्रेकवर आहे की कुठे गावाला गेलाय ते तपासायला. शर्यतीत खाली बघायला सवड नसते, म्हणून तिथे तो कानानं चालवायचा. मागच्या शर्यतीत कानानं दगा दिला. गाडीचं शेपूट फिरलं, आरसा भिंतीला घासून उडाला आणि योयोनं डोळे मिटून घेतले. बाहेर येऊन मात्र तो म्हणाला, पट्टीवर तेल सांडलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वारा होता. आठवडा संपेतो टायर खराब होते आणि ते टायर चढवणारा त्याचा मेहुणा विसो तर मूळचाच खराब होता. नाचता येईना अंगण वाकडं. आणि हे अंगण तर सरकारनं मोजून सरळ केलेलं.

अशात एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या मुलीनं डबीचा विषय काढला. यारेलिस मायाग्वेसला इंजिनिअरिंग शिकलेली, औषधांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी बापाचं इंजिन लॅपटॉपवर जुळवायची. तिनं तुरीच्या दाण्यांचा भात वाढून घेता घेता अगदी सहज म्हटलं, "बाबा, ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून एक डबी मिळते. बाहेरून बसवता येते. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात फिरायला लागली की ती इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडते. चाकं परत पकड घेतात. बसवायची का?"

विसोनं तळलेल्या केळ्याचा काप हवेतच थांबवला. "दाजी, पोरगी तुम्हाला दाई ठेवतेय."

योयोच्या मनात आलं की उठून पोरीचा मुका घ्यावा. असं काही जगात असतं आणि ते आपल्या गाडीत बसू शकतं, हे ऐकून त्याला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. पण सोन्याच्या पायाला एक आब होता. तो म्हणाला, "माझ्या गाडीत डबी? उद्या म्हणशील, दुपटंपण बांधा."

त्याची अपेक्षा अशी की आता पोरगी हट्ट धरेल, बायको रडेल, विसो पाया पडेल आणि सगळ्यांचा फारच आग्रह होतोय म्हणून आपण नाइलाजानं हो म्हणू. यारेलिस म्हणाली, "बरं, राहिलं," आणि तिनं आणखी भात घेतला. मिग्दालिया म्हणाली, "तू भात कमी घे." विषय संपला.

पुढचा आठवडा योयोनं तो विषय जिवंत करण्यात घालवला. "त्या दिवशी तू काय म्हणत होतीस ते, कुठली ती डबी, मला तर नावही आठवत नाही," असं तो यारेलिसला तीन-चार वेळा म्हणाला, दरवेळी नावासकट. ती म्हणायची, "जाऊ द्या बाबा, तुम्हाला नकोय ना." आज्ञाधारक मुलं असणं हाही एक ताप असतो.

मग चागोचा निरोप आला. सलिनासचा चागो, टायरच्या दुकानाचा मालक आणि गेली वीस वर्षं योयोचा वैरी. म्हणजे ज्याच्या मुलीच्या लग्नात योयोनं तंबू उभारला होता आणि ज्याच्या आईच्या मयतीला खांदा दिला होता, असा वैरी. निरोप असा की येत्या शर्यतीच्या रविवारी, घड्याळ बंद ठेवून, फक्त दोघं. पाय विरुद्ध पाय. ज्याच्या गाडीचं नाक पुढे, तो जिंकला.

योयोनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "चागोला म्हणावं, दुकान बंद करून ये, हरल्यावर गिऱ्हाइकांना तोंड दाखवायला नको." आणि तो संडासात जाऊन बराच वेळ बसला. तिथे त्याला शर्यतीची ती भिंत दिसत होती, आणि आता मध्ये आरसाही नव्हता.

बाहेर आला तो तडक विसोच्या गॅरेजमध्ये गेला. "विसो, हा आपला गिअरबॉक्स. याला सुटताना झटका बसत असेल, नाही?"

विसो ताठ झाला. तो गिअरबॉक्स त्यानं स्वतः बांधला होता. "माझ्या गिअरबॉक्सला काय धाड भरलीय?"

"धाड नाही रे. पण चाकं घसरली आणि एकदम पकड घेतली की दात तुटतात, असं ऐकलं."

"कुणाकडनं ऐकलं?"

"लोक बोलतात."

"कुठले लोक? नाव सांगा, आत्ता जातो त्यांच्या घरी."

"अरे पण समजा," योयो चिकाटीनं म्हणाला, "समजा अशी काही वस्तू असेल, की जिच्यामुळे तुझ्या या गिअरबॉक्सला, जो उत्तमच आहे, जराही त्रास होणार नाही, तर ती बसवू नये का? माझ्यासाठी नाही म्हणत. मला काय गरज? त्या बिचाऱ्यासाठी."

विसोनं पान्हा खाली ठेवला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "बसवा बाई. गिअरबॉक्स तसा नाजूकच आहे माझा."

अशा रीतीनं, एका लोखंडी खोक्याच्या तब्येतीच्या काळजीपोटी, मातेओंच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आलं. यारेलिसनं चारही चाकांच्या आत दातेरी चकत्या बसवल्या, प्रत्येकीसमोर बोटाएवढा सेन्सर लावला, म्हणजे कुठलं चाक किती फिरतंय ते डबीला कळावं. वायरी सीटखालून ओढल्या. डबी साबणाच्या पेटीएवढी. योयो कॉफीचा कप घेऊन शेजारी उभा होता आणि आपल्याला यात काडीचा रस नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून जरा जास्तच वेळ आभाळाकडे बघत होता.

"तुम्हाला काही करायचं नाही," यारेलिस सीटखालून म्हणाली. "डबी एरवी झोपलेली असेल. रेषेवर उभं राहून सुटायचं बटण दाबलं की जागी होते. ते तर तुम्ही दाबताच. वेगळं बटण, वेगळा खटका, काही लक्षात ठेवायला नको."

"माझं लक्षात ठेवायचं वय गेलं असं म्हणायचंय का तुला?"

"गिअरबॉक्सचं म्हणतेय," ती म्हणाली.

साखर कारखान्याच्या ओसाड आवारात त्यांनी डबी चालवून पाहिली. योयोनं बटण दाबलं, सोडलं, पाय खाली घातला. किती घातला ते देवाला ठाऊक. मागची चाकं सुटली. एरवी इथं शेपूट फिरायचं. त्याऐवजी इंजिन थडथडथड अडखळलं, कुणीतरी मानगूट धरल्यासारखी गाडी सरळ झाली आणि रुळावरून निघाल्यागत निघाली. योयोनं ब्रेक मारला आणि हेल्मेटची काच लगेच वर केली नाही. आत डोळे भरून आले होते. त्याला वाटत होतं की आपला पाय आपल्याला कुणीतरी परत दिला. काच वर करून तो म्हणाला, "गिअरबॉक्सला बरं वाटलं असेल."

शर्यतीच्या रविवारी सलिनासला पट्टीच्या दोन्ही बाजूंना नेहमीसारखी छत्र्या, शेगड्या, कूलर आणि आज्यांची गर्दी होती. आज्यांना कमी लेखायचं काम नाही. यांना आपल्या नातवंडांची नावं आठवत नाहीत. पण नुसता आवाज ऐकून कुणाच्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगतील, तेही तोंडात तळणीचा घास असताना. ट्रॅक्शन कंट्रोल लावायला नियमात कुठेही मनाई नव्हती. मनाई या कानांत होती.

योयो सकाळपासून खुशीत होता. सगळ्यांना मिठ्या मारल्या, ट्रेलरवर चढला-उतरला, चागोच्या बायकोबरोबर गाण्याच्या दोन कडव्यांवर नाचलाही. चागो म्हणाला, "आज पाय हलका दिसतोय तुझा." योयो म्हणाला, "तुझ्या दुकानाची किल्ली उचलायला आणलाय." लोक हसले. सगळं रीतसर चाललं होतं.

मग गाड्या पाण्यात आल्या. सुटायच्या रेषेमागे जमिनीवर पाणी मारलेलं असतं. त्यात पुढची चाकं ब्रेकनं धरून ठेवायची आणि मागची जागच्या जागी गरगर फिरवायची. टायर तापतात, धूर निघतो, लोकांना बरं वाटतं. आणि इथेच योयोची एक सवय होती. त्याची आई हयात असताना इथल्या कठड्याजवळ बसायची, तिला कमी ऐकू यायचं. आपली पाळी आली हे तिला कळावं म्हणून तो पाण्यात उभा असतानाच सुटायचं बटण तीनदा दाबायचा. ते बटण इंजिनाचा वेग अडवून धरतं आणि न जळलेलं पेट्रोल मागच्या नळीत पेटतं, त्यामुळे इंजिन तीनदा बंदुकीसारखं फुटायचं, म्हातारी रुमाल हलवायची. म्हातारी गेली, तीन बार राहिले. गावाला आता ते योयोचा नमस्कार म्हणून ठाऊक होते आणि लोक उलट ओरडून त्याचा स्वीकार करत.

यारेलिस हे जन्मापासून बघत आली होती. पण डबी तिनं गॅरेजात जुळवली आणि कारखान्याच्या आवारात तपासली. दोन्ही ठिकाणी नमस्कार करायला कुणीच नव्हतं.

योयोनं बटण दाबलं. ठो, ठो, ठो. लोक ओरडले. सीटखाली डबी जागी झाली. तिनं डोळे उघडून पाहिलं तर पुढची चाकं ठप्प आणि मागची बेफाम. डबीच्या दृष्टीनं याहून मोठं संकट जगात नाही. तिनं ठिणगी तोडली, परत तोडली, तोडतच राहिली. हजार घोड्यांच्या इंजिनाला दम्याची ढास लागली. थड, थडथड, खुळ्ळ. मागची चाकं लाजल्यासारखी थांबली. धुराची एक बारीक रेघ निघाली, एखाद्यानं सिगारेट विझवावी इतकी.

आज्यांनी घास चावणं थांबवलं. मग कठड्यामागून एका आजीबाईंचा आवाज आला, "अगं बाई, डबी बसवलीय मेल्यानं." आणि दोन्ही बाजूंची गर्दी हसायला लागली. ते हसणं थांबेना. लोक कूलरवर हात आपटत होते.

चागो आपल्या गाडीतून उतरून आला. खिडकीत वाकला. "काय रे, दाई आत आहे का? हळू बोलू का? बाळ झोपलं असेल."

"गिअरबॉक्ससाठी आहे ती," योयो म्हणाला.

"हो का? गिअरबॉक्सनं आव्हान स्वीकारलं होतं का मग? मला वाटलं, तू."

"तोंड सांभाळ, चागो."

"पाय विरुद्ध पाय ठरलं होतं," चागो म्हणाला, आणि हे तो हसत म्हणाला नाही. "वीस वर्षं तुझ्याशी हरतोय मी. निम्म्या वेळा तरी. डबीशी जिंकून मला काय करायचंय? बंद कर ती, नाहीतर गाडी ट्रेलरवर चढव."

कठड्यापर्यंत सगळे कान टवकारलेले होते. शहाण्यानं इथे गाडी ट्रेलरवर चढवली असती. पण पडलो तरी नाक वर, ही काही फक्त आपल्याकडचीच रीत नाही. योयो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "केली बंद. चल, लाव गाडी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. योयोला त्या टाळ्या दुरून कुठून तरी आल्यासारख्या वाटल्या. तो घाबरला होता, साधा सरळ घाबरला होता. आता ती भिंत, हजार घोडे आणि एक दगड, एवढंच उरलं होतं. गाड्या मागे ढकलल्या गेल्या. यारेलिस खिडकीशी आली. विसो तिच्या मागे.

"वायर काढ," योयो म्हणाला.

"नाही काढणार."

"यारेलिस, आख्खं गाव बघतंय. वायर काढ."

"बाबा," ती म्हणाली, "उजवा बूट काढा."

"आत्ता? वेड लागलंय का?"

"काढा. मग वायर काढते."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की योयोनं वाद घातला नाही. तो सीटबेल्ट सोडवून वाकला, बूट ओढला. सोन्याच्या पायाला मोजा कधी चालत नसे. तळवा आणि पेडल यांत जितकं कमी तितकं चांगलं, असा त्याचा शिरस्ता. बूट उलटा झाला आणि त्यातून एक वस्तू टपकन त्याच्या मांडीवर पडली. टायरच्या व्हॉल्ववरचं काळं प्लॅस्टिकचं टोपण होतं ते. लहानसं, टणक. बुटात असलं तर धडधाकट माणूस दुसऱ्या पावलाला शिव्या देत खाली बसेल.

"हे कुठून आलं?" योयोनं विचारलं.

"मी टाकलं. सकाळी, तुम्ही अंघोळीला गेला होता तेव्हा." तिनं टोपण उचलून मुठीत धरलं. "मला वाटलं, बूट घालाल, दोन पावलं टाकाल आणि मला शिव्या घालाल. मी शिव्यांची वाट बघत होते, बाबा. तुम्ही नाचलात."

विसोनं तोंड फिरवलं.

योयो तापला. पोरीचा राग आला, टोपणाचा आला, आजीबाईंचा आला. शरम वाटली की माणूस सरळ शरमत नाही, आधी कुणावर तरी ओरडून घेतो. यारेलिसवर ओरडायची हिंमत झाली नाही, म्हणून तो तडक गाडीतून उतरला आणि आपल्या गाडीला टेकून उभ्या असलेल्या चागोकडे निघाला. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. "ऐक, चागो," तो भर पट्टीवर उभा राहून म्हणाला, "डबी बंद आहे. वायर आत्ता निघेल. आणि तुझ्या बापजन्मात पाहिला नसशील असा पाय दाखवतो तुला आज. सगळ्यांसमोर सांगतोय. पुन्हा कुणी दाई म्हणालं तर..."

तो बराच वेळ बोलत होता. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. त्या डांबरावर सकाळी कुणाची तरी चप्पल चिकटून राहिली होती. कुत्रीसुद्धा दहा वाजल्यानंतर पट्टी ओलांडत नसत.

चागो त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. "योयो," तो हळूच म्हणाला, "पाय उचल."

"पायाचंच सांगतोय मी तुला."

"अरे पाय उचल, माणसा. भाजतोय तो."

योयोनं खाली पाहिलं. काळ्या, चकाकत्या डांबरावर त्याचा उजवा पाय देवळातल्या फरशीवर ठेवावा तसा निवांत ठेवलेला होता. बोटं पसरलेली. आपलाच पाय आणि आपल्यालाच परका. तो बघत राहिला, पण उचलायचं त्याला सुचलं नाही.

चागोनं डोक्यावरची टोपी काढली, खाली वाकून त्याच्या पायाशी ठेवली आणि घोटा धरून पाय उचलून तिच्यावर ठेवला. कठड्यामागचं हसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आता शेगडीवरच्या तेलाचा आवाज तेवढा येत होता.

"मला तिथे काही लागत नाही," योयो म्हणाला. हे वाक्य त्यानं आजवर कुणापुढेच उच्चारलं नव्हतं. उच्चारायला सोपं निघालं. "वर्ष झालं."

चागो वाकलेला उठून उभा राहिला. "म्हणजे मागच्या वेळी, ती भिंत..."

"वारा नव्हता."

"गाढवा," चागो म्हणाला. "पलीकडच्या पट्टीत मी होतो."

योयोनं पलीकडच्या पट्टीकडे पाहिलं. भिंतीचा विचार त्यानं हजारदा केला होता. भिंत चुकली तर गाडी दुसऱ्या बाजूला जाईल आणि दुसऱ्या बाजूला चागो असेल, हा विचार त्यानं एकदाही केला नव्हता. त्याची त्याला आता इतकी लाज वाटली की आधीची सगळी लाज त्यापुढे चैन वाटावी.

"गाडी ट्रेलरवर चढवतो," तो म्हणाला.

"लोक तिकीट काढून आलेत," मागून यारेलिस म्हणाली. तिच्या हातात बापाचं हेल्मेट होतं. "मी चालवते. पण डबी चालू राहणार."

"मी बसू का?" विसोनं विचारलं.

"तू बसलास तर दार लागणार नाही," तिघंही म्हणाले.

चागोनं यारेलिसकडे पाहिलं, मग तिच्या बापाच्या पायाकडे. "राहू दे चालू," तो म्हणाला. "गिअरबॉक्स नाजूक आहे म्हणतात."

मिग्दालिया कठड्यामागून पुढे आली. तिनं कूलर ओढत आणला, त्यातला बर्फ डांबरावर ओतून दिला, नुसतं पाणी ठेवलं आणि योयोला कठड्याजवळच्या खुर्चीत बसवून त्याचा पाय बिअरच्या डब्यांच्या मध्ये बुडवला. "दगडासारखा आहे म्हणाली होती ना डॉक्टर?" ती म्हणाली. "घरी चल, मग बोलते." आजूबाजूचे लोक, आधी जरा संकोचानं आणि मग सवयीनं, येऊन त्याच्या नडगीशेजारून डबे काढून नेऊ लागले. "जरा पाय सरकव योयो," ज्या आजीबाईंनी मेल्या म्हटलं होतं त्या म्हणाल्या. पाय सरकवला की नाही हे बघायला त्याला पाण्यात वाकावं लागलं.

या वेळी पाण्यात टायर तापवताना यारेलिसनं डबीची वायर काढून ठेवली आणि रेषेवर येऊन परत जोडली. दिवे हिरवे झाले.

योयोनं आपली गाडी बाहेरून कधीच ऐकली नव्हती. तीस वर्षं तो तिच्या पोटात होता आणि आत नुसता गोंगाट असतो. बाहेर ती किंचाळत आली, उंच, एका दमात. मध्येच दोनदा थडथडली, जणू ठेच लागून सावरली, आणि पुन्हा सरळ होऊन समोरून निघून गेली. खुर्ची हादरली. कूलरमधलं पाणी हललं, ते त्यानं पाहिलं. दुसऱ्यांदा थडथडली तेव्हा त्याला कळलं की इथे आपण असतो तर आपलं काय झालं असतं. त्याच्या घशातून हुंदका निघाला आणि तो त्यानं लपवला नाही.

"कोण जिंकलं?" त्यानं विचारलं.

"चागो," मिग्दालिया म्हणाली. "थोडक्यात."

यारेलिस गाडी घेऊन परत आली. हेल्मेट काढलं, केस घामानं चिकटलेले. चागो काहीतरी ओरडत तिच्याकडे येत होता, विसो बॉनेटकडे धावला होता, पण ती कुणाकडे न बघता कठड्यावरून उडी मारून बापासमोर येऊन उभी राहिली.

"पाय कसाय?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत," योयो म्हणाला आणि पाय पाण्यातून वर काढून तिच्यापुढे धरला. "तू बघून सांग."

ती खाली बसली आणि त्याचा तळवा दोन्ही हातांत घेऊन बघू लागली.